डावी बिजागरी

"ओले ओंडके टाका, ओले. वाळकं लाकूड नको," मिस्त्री हौद्याच्या पत्र्यावर थाप मारत म्हणाले. "वाळक्या लाकडावर परीक्षा घेतली की गाडी इथे पास होते आणि रानात नापास."

झाडवाला हसला. गाडी त्याचीच होती. दोरावर लटकून उंच झाडं फांदीफांदीने उतरवायची आणि फांद्यांचा यंत्रात चुरा करून वाहून न्यायचा, हा त्याचा धंदा. कुठल्याशा खाणीत म्हातारी झालेली, चारही चाकांनी ओढणारी गाडी त्याने मिस्त्रींच्या शेडमध्ये आणून सोडली होती. आता तिच्या पाठीवर उंच कडांचा हौदा बसला होता. मिस्त्रींचं सगळं आयुष्य याच कामात गेलं होतं. चिखलादगडांतून चालणाऱ्या गाड्यांचं मागचं अंग कापायचं, खालची चौकट भक्कम करायची, तिच्या शेवटच्या टोकाला दोन बिजागऱ्या जोडायच्या आणि त्यांच्यावर हौदा. पुढून तेलाचा दट्ट्या ढकलतो, हौदा बिजागऱ्यांवर मागे कलतो, माल खाली.

"वायदा उद्याचा होता, मी आजच टपकलो," झाडवाला म्हणाला. "उद्या सकाळीच एक मोठं झाड उतरवायचंय, म्हटलं आधी गाडी ताब्यात घ्यावी. राग नाही ना, मिस्त्री?"

"राग कसला? गाडी तयार आहे."

गाडी तयार नव्हती. शेडमध्ये हे दोघांनाच ठाऊक होतं, मिस्त्रींच्या लेकीला आणि लंबूला.

लेक शेडचा कारभार बघायची. लंबू वेल्डर होता, चाळिशी उलटलेला, इतका उंच की कुठल्याही गाडीखाली शिरला तरी गुडघ्यापासून पुढचा भाग बाहेरच राहायचा. दोघं मिळून गेल्या हिवाळ्यापासून एक काम गुपचूप करत होते. मिस्त्री दुपारी जेवायला मागच्या घरी गेले, जरा आडवे झाले, की लंबू ग्राइंडर काढायचा. मिस्त्रींनी केलेली जोड घासून काढायचा आणि त्या जागी आपली घालायचा. चहाच्या वेळेला मिस्त्री परत येईपर्यंत जोड थंड झालेली असायची आणि वर रंगाचा हात फिरलेला असायचा.

मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही, आणि गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली होती आणि घरी येताना रिक्षात म्हणाले होते, "चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काय." तेव्हापासून ते कोणाशी बोलताना मान जराशी वळवून बोलायचे. लेकीकडे बघताना ते तिच्या कानामागे कोणीतरी उभं असल्यासारखे बघत. आपण त्यांना नीट दिसत नाही, हे ती जाणून होती. ते तिला जाणवू देत नव्हते आणि ती त्यांना.

"ताई, एक दिवस हे आपल्या अंगाशी येणार," लंबू दर वेळी म्हणायचा.

"बघू," ती म्हणायची. बघायचं काय, ते तिलाही माहीत नव्हतं. ज्या माणसाने तिला सायकलपासून हिशेबापर्यंत सगळं शिकवलं, त्याला 'आता हातात वेल्डिंगचा होल्डर धरू नका' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

काल उजवी बिजागरी उरकली होती. डावीला हात लावणार तोच मिस्त्री परत आले. झोप येत नाही म्हणाले आणि डाव्या चाकापाशी स्टूल टाकून संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसले. डावी आज दुपारी होणार होती. आणि झाडवाला सकाळीच येऊन उभा होता.

ओंडके भरून झाले. मिस्त्रींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

शेडचा एकच कायदा होता आणि तो मिस्त्रींनीच केला होता. नवा हौदा पहिल्यांदा भरून उचलला, पुढे टेकू लावला, की ज्याने बिजागऱ्या जोडल्या त्याने खाली जाऊन त्या बघायच्या. टेकू पुढचा भार धरतो, मागचा भार फक्त जोडांवर. जोड सुटली तर हौदा चौकटीवरून घसरणार आणि त्याच्याखाली जोडणारा असणार. स्वतः शिरायची तयारी नसेल तर दुसऱ्याच्या पोराला त्या गाडीत बसवू नये, असं मिस्त्री म्हणत. त्या भीतीनेच हात नीट चालतो, असंही म्हणत.

"बाबा, आज लंबूला जाऊ द्या खाली," ती म्हणाली. "तुमची कंबर कालपासून धरलीय."

"कंबर माझी, बिजागरीही माझी. लंबूचं काय काम?"

"आणि लंबूला पाठवलंत तर पाय रस्त्यावर येतील, ताई," झाडवाल्याने मध्येच तोंड घातलं. "सगळी रहदारी अडून बसेल."

लंबू हसला नाही. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, पण त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही, ते तिलाच कळलं नाही.

इंजिन सुरू झालं. हौदा हळूहळू पुढून वर उठत गेला. ओले ओंडके एकमेकांवर घासत मागच्या फळीवर येऊन बसले. डावीकडून कुठूनतरी बारीकसा आवाज आला, कुरकुर म्हणावी इतकाच. लंबूने टेकू लावला. मिस्त्रींनी दिवा घेतला, एका हाताने गाडीची कड चाचपली आणि वाकले.

तिने त्यांचा दंड धरला.

"बाबा, नका."

"का?"

तिला कारणं सुचत होती. तेल गळतंय, टेकू वाकडा बसलाय, फोन आलाय. इतक्या महिन्यांत ती अशी कारणं पटापट द्यायला शिकली होती.

"डावीकडची अजून व्हायचीय," ती म्हणाली.

"काल झाली की. मी केली."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही केली."

दंड तिच्या हातातच होता. तो आधी ताठ झाला, मग सैल पडला.

"लंब्या, हौदा खाली घे," मिस्त्री म्हणाले.

हौदा खाली टेकला. इंजिन बंद झाल्यावर शेड एकदम मोठी वाटायला लागली. मिस्त्री चौकटीला हात लावत गाडीच्या मागे गेले आणि गुडघ्यांवर बसले. हातमोजा काढून त्यांनी उजव्या बिजागरीखाली बोटं घातली.

मिस्त्री डावखुरे. त्यांची जोड उजवीकडून निघून डावीकडे जायची आणि तिथे शेवटी एक छोटा खळगा ठेवून थांबायची. बोटं डाव्या टोकाला गेली. खळगा नव्हता. बोटं सावकाश उलट फिरली आणि उजव्या टोकाला खळगा सापडला.

"ही कोणाची?"

"माझी, मिस्त्री," लंबू म्हणाला.

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "त्याला बोलू नका."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

झाडवाल्याला अचानक आपल्या दोराच्या गाठी तपासाव्याशा वाटल्या. तो दोर घेऊन दाराकडे गेला.

मिस्त्री सरकत डावीकडे गेले. ही त्यांचीच होती. बोटं उजव्या टोकावर टेकली आणि चालू लागली. थोडं अंतर जोड सांध्यावरून नीट गेली होती. मग ती सांधा सोडून वर बिजागरीच्या पट्टीवर चढली आणि शेवटपर्यंत तशीच, सांध्याच्या कडेने, कोरड्या लोखंडावर गेली होती. खाली सांधा उघडाच. मिस्त्रींनी अंगठ्याचं नख त्यात घातलं. नख आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं आणि दुसरीकडे घातलं. तिथेही गेलं.

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हिवाळ्याआधी गेलेल्या गाड्या?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, पण हात चौकटीवर घट्ट आवळला होता.

"बोलावून घेतल्या होत्या. तेल बदलून देतो म्हणून."

"सगळ्या?"

"सगळ्या. लंबूने एकेक तपासली. दोन गाड्यांच्या बिजागऱ्या पुन्हा जोडल्या."

"दोन."

"हो."

हात सुटला. "मग बरं केलंस," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "मला सांगायचं होतंस, बाळा. मी खाली जात होतो, ते जाऊ दे. त्या दोन गाड्यांत माणसं बसत होती."

'तुम्हाला वाईट वाटलं असतं' हे खरं होतं, पण त्या माणसांच्या जिवासमोर ते शब्द तिला उच्चारवेनात.

मिस्त्री चाकाला धरून उठले. "लंब्या, ग्राइंडर घे. मुळापासून काढ. माझ्या कामावर थर चढवून भागवू नकोस." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "अहो झाडवाले, चहा घ्या. दुपार होईल. जोड चुकलीय माझी."

"होते हो चूक, मिस्त्री," झाडवाला म्हणाला.

"होते. म्हणून तर तपासायची."

दुपारी हौदा पुन्हा वर गेला. ओंडके पुन्हा घासत मागे आले. डावीकडून कसलाच आवाज आला नाही. टेकू लागला. लंबू दिवा हातात धरून घुटमळत उभा राहिला.

"मिस्त्री, तुम्ही..."

"जोड कोणाची?"

"माझी."

"मग मला काय विचारतोस?"

लंबू आडवा झाला आणि सरपटत आत गेला. त्याचे लांब पाय बाहेर राहिले. झाडवाल्याने आपला दोर त्यांच्या वाटेतून बाजूला ओढला.

मिस्त्री बाजूला, खांबाशी उभे होते. सवयीने त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. मग तो सोडून दिला. मान सरळ केली आणि हात मागे बांधले.

"इकडे ये," त्यांनी लेकीला बोलावलं. "काय दिसतंय?"

"सगळं नीट..." ती म्हणाली आणि थांबली. ती गाडीच्या मागे गेली, वाकली आणि बघितलं. आजवर तिने या जागेकडे असं कधी बघितलंच नव्हतं. बघणारे ते होते.

"उजवीकडे काही हललेलं नाही," ती सावकाश म्हणाली. "डावीकडेही नाही. डाव्या खिळीशी तेलाचा एक थेंब आहे."

"थांबलाय की वाढतोय?"

"वाढत नाही. थांबलाय."

"पुसून बघ."

तिने बोटाने पुसला आणि वाट बघितली. "परत आला नाही."

"आणि डावी जोड? तिचा रंग?"

"करडा. एका टोकाला थोडा निळसर."

"कुठल्या टोकाला?"

"उजव्या."

मिस्त्रींनी मान डोलावली. "बोलत राहा," ते म्हणाले. "लंबू बाहेर येईपर्यंत थांबू नकोस."