अवेळची गुढी

सकाळी सातलाच कुमुदताईंनी पोछ्याचा दांडा घासूनपुसून कोरडा केला, तेव्हा यतीनने कपाळाला हात लावला.

"आई, पाडवा मार्च-एप्रिलमध्ये असतो, आता नोव्हेंबर चाललाय!"

"ठाऊक आहे. तांब्या दे."

आखातातल्या अल नहदा वस्तीत, त्यांच्याच मजल्यावर समोरच गिटन्सबाई राहायच्या. शाळेत शिकवायच्या, मूळच्या बार्बाडोसच्या. काल लिफ्टमध्ये म्हणाल्या, उद्या सकाळी आठला, म्हणजे तिकडे मध्यरात्री, आमच्या देशावरून इंग्लंडच्या राणीचं नाव उतरणार, आमचा राष्ट्रपती येणार. रजा घेतलीय, पण टीव्हीसमोर एकटीच बसणार.

"राणी नावापुरतीच होती गं," यतीन म्हणाला. "पंचावन्न वर्षं स्वतंत्रच आहेत ते. काय फरक पडतो?"

कुमुदताईंना हसू आलं. हेच त्यांनी राजापुरात ऐकलं होतं, परकरातल्या वयात. सत्तेचाळीसला इंग्रज गेला, तरी घटना लागू होईपर्यंत कागदोपत्री भारताचा राजा इंग्लंडचाच होता. पन्नासच्या सव्वीस जानेवारीला तेही संपलं, तेव्हा कोर्टात कारकून असलेल्या वडिलांनी, नानांनी, गुढीची काठी काढली. आत्या कडाडली, "माघात गुढी? अवदसा आणशील घरात! राजा नावापुरता तर होता!"

"मग नाव तरी दुसऱ्याचं का?" नाना म्हणाले.

पण आत्यापुढे कुणाचं चाललंय! काठी माळ्यावर गेली. नानांचा तो उतरलेला चेहरा कुमुदताईंच्या मनातून कधी गेलाच नाही.

"बाल्कनीत काही लावायला मनाई आहे हं," यतीनने शेवटचा अडसर घातला.

"बाल्कनी हवीय कुणाला?"

गिटन्सबाईंनी दार उघडलं, तर दारात काठी, पिवळ्या काठांची निळी साडी, खालच्या पार्किंगमधला कडुलिंब आणि तांब्या धरून उभा अवघडलेला यतीन.

"जिंकून आलेल्याच्या दारी उभारतात ही," कुमुदताई म्हणाल्या आणि सरळ आत शिरल्या.

खुर्चीला काठी बांधून होते न होते तोच टीव्हीवर राणीचा झेंडा खाली आला, तोफा धडाडल्या. गिटन्सबाई ताठ उभ्या राहून आपलं राष्ट्रगीत गाऊ लागल्या. मध्येच सूर तुटला, तसा कुमुदताईंनी टाळ्यांचा ठेका धरला. यतीनचा फोन वाजला, ऑफिसमधून. "आज उशीर होईल, खलास!" म्हणून त्याने तो कापला आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

कुमुदताईंनी कडुलिंब-गुळाची गोळी पुढे केली. गिटन्सबाईंचं तोंड वाकडं झालं.

"गिळा! आता देश तुमचा, कडूगोडासकट."

त्या खदखदून हसल्या. "ही उतरवायची कधी?"

"सूर्यास्ताला," यतीन म्हणाला.

"छे!" कुमुदताई गुढीकडे बघत म्हणाल्या. "ही नानांचीसुद्धा आहे. उद्यापर्यंत राहू दे."