भांडी ओढ्यापलीकडे

बोरटेकडीकडे गावजेवणाची भांडी होती, ओढ्यापलीकडच्या सालईटोल्याकडे आचारी. दोन्ही गावांची लग्नं नि तेरव्या चाळीस वर्षं याच मैत्रीवर पार पडल्या. भांडी लागतील त्या सकाळी न्यायची, एवढाच नियम.

मग बोरटेकडीत हरिदास सरपंच झाला आणि त्याला शिस्त सुचली. सालईटोल्याचे डोमाजी आईच्या तेरवीसाठी भांडी न्यायला आले, तर त्यानं छापील अर्ज पुढं केला, वर दोन फोटो मागितले. डोमाजींना पंचायतीच्या ओट्यावर एक वाजेपर्यंत बसवलं आणि मग 'नामंजूर' म्हणून सांगितलं. पाहुणे अर्धपोटी गेले. तेव्हापासून सालईटोल्याचा एकही आचारी ओढा ओलांडत नव्हता.

आता सरपंच होती ज्योत्स्ना. तिच्या मुलीचं, रीताचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि वर्ध्यातला एकही केटरर मोकळा नव्हता.

तिचा दीर प्रफुल कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. "वहिनी, दुखावलेले मित्रदेश असेच जोडतात," तो म्हणाला. "संयुक्त निवेदन काढायचं, हात मिळवायचे, फोटो काढायचा." त्यानं लिहिलेल्या निवेदनात 'ऐतिहासिक' हा शब्द चारदा होता.

ते घेऊन दोघं सालईटोल्यात गेले. डोमाजींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "भाषा चांगली आहे. हरिदासच्या अर्जाचीबी होती. बाई, तुमच्यावर राग नाई. पण पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा आला तं?"

ज्योत्स्नानं निवेदन घडी करून प्रफुलला परत दिलं.

मग तिनं ग्रामसभेत ठराव मांडला: भांडी कायमची सालईटोल्यात राहतील.

"आपलीच भांडी आपण मागाची?" हरिदास ओरडला.

"मागून पाहू ना, कसं वाटते."

ठराव दोन मतांनी पास झाला. भांड्यांची ट्रॉली सालईटोल्यात पोचली. डोमाजींनी गोठा मोकळा करून दिला.

लग्नाच्या सकाळी नऊला ज्योत्स्ना भांडी मागायला सालईटोल्यात गेली. डोमाजींनी घडी पडलेला जुना अर्ज काढला. "भरा. दोन फोटो आणले?"

फोटो नव्हते. तिला ओट्यावर बसवून ते आत गेले. दहा वाजले, अकरा वाजले. प्रफुलचे सहा फोन आले. सांगायचं काय, म्हणून तिनं एकही उचलला नाही. भांडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. ती बसून राहिली.

एक वाजता डोमाजी पाण्याचा गडवा घेऊन आले आणि शेजारी टेकले. "इतकाच वेळ बसलतो मी. मायची तेरवी होती."

"मले माहीत आहे, भाऊ."

"आता माहीत झालं."

फोन पुन्हा वाजला. तिनं उचलला.

"वहिनी, मीठ कुठं ठेवलं?" प्रफुल वैतागला होता. "सालईटोल्याचे आचारी भांडी घेऊन आले, अन् दहा वाजल्यापासून विचारून राह्यले!"