पडद्यातला हरेश्वर

पडद्याच्या खालच्या कडेतून तेल गळायला लागलं, तेव्हा मंजुळा घरतने पाय उचलून खुर्चीवर घेतले. बाकीच्यांनीही घेतले. दारावरचा माणूस बादलीतून लाकडाचा भुसा घेऊन आला आणि रांगांमधून मुठीमुठीने टाकत गेला.

"पिक्चरच तेलाचा आहे," तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला. "प्रत्येक खेळाला होतं असं."

मंजुळाची तक्रार नव्हती. आग कशी लागली, एवढंच तिला हवं होतं. तिचा नवरा हरेश्वर भर समुद्रातल्या एका तेलविहिरीवर क्रेन चालवायचा. एका पहाटे ती विहीर पेटली. बाकीच्यांचं काही ना काही घरी आलं, हरेश्वरची चप्पलही आली नाही. कंपनी म्हणाली अपघात, गाव म्हणालं घातपात. तेव्हापासून कपाळाला कुंकू लावायचं की नाही, हे तिला कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं. ती एक दिवस लावायची, एक दिवस नाही. आज लावलं होतं.

त्या आगीवर पिक्चर निघाला, तसा धाकटा दीर जनार्दन तिकिटं घेऊनच आला. "वहिनी, आतलं सगळं कारस्थान दाखवलंय म्हणे." आता तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि जांभया देत होता.

पिक्चर काही पुढे सरकत नव्हता. दाढीवाला पत्रकार धावत यायचा, एक दार उघडायचा. आत सुटातला एक माणूस पाठमोरा उभा असायचा. "हे प्रकरण फार वरपर्यंत गेलंय," तो म्हणायचा. मग पत्रकार एक जिना चढायचा आणि पुढचं दार उघडायचा. दर जिन्यागणिक टॉकीजची मागची भिंत थोडी पुढे यायची. लोक न बोलता उठायचे, खुर्च्या पुढे ओढायचे आणि परत बसायचे. एक बाई झोपी गेली होती, तिला खुर्चीसकट ओढलं.

"भावोजी, विहीर कधी दाखवणार?" मंजुळाने विचारलं.

"येईल की. मध्यंतरानंतर."

मध्यंतर झालंच नाही. पत्रकार एका कँटीनमध्ये शिरला आणि कुणाशी तरी फोनवर ओरडून बोलू लागला. त्याच्या मागे, कोपऱ्यातल्या बाकावर, केशरी डगल्यात हरेश्वर वरण-भात जेवत होता.

मंजुळा उठली. भिंत इतकी पुढे आली होती की पडदा दोन पावलांवरच होता.

"अहो," ती म्हणाली.

हरेश्वरने घास चावत मान वर केली. "तू आलीस होय? उगाच आलीस. शेवट काही धड नाही."

"आग कशी लागली?"

"ते मला सांगितलेलं नाही. मागे बसून जेवायचं, एवढंच सांगितलंय."

"पण तुम्ही होतात ना तिथे?"

त्याने विचार केला. त्याचा चेहरा फार दमलेला होता. "होतो. पण मी त्या दिवशीही जेवतच होतो गं."

पत्रकाराने फोनवर हात ठेवला. "बाई, बाजूला व्हा. माझा महत्त्वाचा प्रसंग चाललाय."

"वहिनी, बसा ना," जनार्दन दबक्या आवाजात म्हणाला. "शेवटी कळेलच सगळं."

मंजुळाने पत्रकाराकडे पाहिलं. त्याच्या मागे आणखी एक जिना होता, त्याच्या वर आणखी एक दार. हा माणूस जन्मभर दारं उघडत राहील, हे तिला कळलं. तिने पडद्यात हात घातला, हरेश्वरचं मनगट धरलं आणि ओढलं. तो न कुरकुरता आला, फक्त ताट खाली ठेवून आला. बाहेर आल्यावर दिसलं की त्याला पाठ नव्हती. पुढून तो पुरता हरेश्वर होता, मागून नुसतं पांढरं कापड.

"अशानं चालता यायचं नाही मला," तो म्हणाला.

"राहू द्या," मंजुळा म्हणाली. तिने चादरीची घालतात तशी त्याची घडी घातली, चेहरा वर ठेवून, आणि काखेत घेतली. जिथे तो बसला होता तिथे पडद्याला माणसाएवढं भोक पडलं. पत्रकार त्याला वळसा घालून जिना चढून गेला. जनार्दन तिच्यामागे आला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली.

बाहेर लख्ख दुपार होती. वाटेत घडीतून अधूनमधून त्याचा श्वास तिच्या दंडाला लागत होता.

घरी पोचल्यावर तिने त्याला साबण लावून धुतलं. पाणी काळं निघत राहिलं, मग निघेनासं झालं. तिने त्याला गच्चीवर नेलं, दोरीवर खांद्यांपाशी चिमटे लावून वाळत घातलं. समोरच्या गच्चीवरून अंजनीने विचारलं, "मंजुळाताई, आले का ते?"

"आले," मंजुळा म्हणाली. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

हरेश्वर वाळत होता. त्याच्या गालावर रंग चढत होता. "भूक लागली," तो म्हणाला. "खरी लागली."

"चूल पेटवते," ती म्हणाली आणि वळली.

तेवढ्यात जमिनीकडून वारा सुटला. कापड फुगलं. फुगत फुगत त्याला खांदे आले, कणा आला, डगल्याच्या मागे भरदार पाठ आली. तो हसला. एक चिमटा उडून शेजारच्या घराच्या कौलांवर पडला. मंजुळाने धावत जाऊन त्याचे दोन्ही पाय घोट्यांपाशी धरले. ते गरम होते. दुसरा चिमटा सुटला. वारा समुद्राच्या दिशेने होता, आणि तिच्या टाचा गच्चीवरून उचलल्या गेल्या.