खांद्यातला कापूस

शिलाईवाल्या काकूंच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. कुणाचं सुटलेलं पोट असो की पडलेले खांदे, त्यांच्या दुकानातून निघालेला माणूस आरशात पुन्हा वळून बघायचाच. शाळकरी लेकीचा, छकुलीचा, एक खांदा खाली येतोय हे त्यांच्या नजरेने लगेच टिपलं. त्यांनी काय करावं? फ्रॉकच्या त्या खांद्यात कापूस घातला! पुढे घेर एका बाजूने लोंबू लागला, तोही दुमडून सारखा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला एकदा लोकांनी नाव ठेवलं की ते पुसत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवण इतकी बेमालूम की खुद्द छकुलीच्या बाबांनाही पत्ता नव्हता.

बिंग फुटलं ते आत्यामुळे. ती राहायला आली होती. छकुली नुसत्या बनियनवर होती आणि वाकून पलंगाखालचा चेंडू काढत होती, तेव्हा तिच्या पाठीची एक बाजू वर आलेली आत्याला दिसली. दुसऱ्याच दिवशी तिने मायलेकींना हाडांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला, मग फ्रॉकची शिवण आतून पाहिली. काकूंची पाचावर धारण बसली. ऑपरेशन करावं लागेल का, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"अजून तरी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आणखी वर्षभर तुम्ही असंच सुंदर शिवत राहिला असतात, तर दुसरा इलाज उरला नसता. ताई, कापड अंगाप्रमाणे बेतता येतं. पण पोरीचा कणा वाढतोय, आणि वाढता वाढता वाकतोय. तुम्ही झाकलात म्हणून तो थांबत नाही."

काकूंना रडू आवरेना. आपलीच कारागिरी लेकराच्या मुळावर उठली होती.

पुढचं सगळं मात्र त्या डोळे विस्फारून बघत राहिल्या. वाकणारा कणा आवरून धरायला डॉक्टरबाईंनी पाठीचा पट्टा सांगितला होता. अशा पट्ट्यासाठी पूर्वी अंगाला ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यावा लागे. इथे छकुली नुसती उभी राहिली, कॅमेरा तिच्याभोवती फिरला आणि तिची पाठ पडद्यावर उमटली. टेपशिवाय माप! त्या मापावरून यंत्राने थरावर थर चढवत हलका, जाळीदार पट्टा घडवला. वाक वाढू नये म्हणून तो दिवसरात्र घालायचा, अंघोळीला आणि खेळताना तेवढा काढायचा. छकुलीने रंग निवडला भडक नारिंगी.

घरी येताच काकू सवयीने सैल, झाकणारा फ्रॉक बेतायला बसल्या.

"आई, लपवू नकोस ना," छकुली म्हणाली. "मला वर्गात दाखवायचाय."

काकूंची कात्री थांबली. त्यांनी जुनी शिवण उसवली आणि कापूस काढून टाकला. नवा फ्रॉक पट्ट्यावरून माप घेऊन शिवला, पाठीवर नारिंगी जाळी दिसेल असा. छकुली तो घालून शाळेला निघाली, तेव्हा आख्खी गल्ली बघत होती आणि काकू अभिमानाने दारात उभ्या होत्या.

पुढच्या एक्स-रेमध्ये वाक तसूभरही वाढलेला नव्हता.

परवा एक गिऱ्हाईक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. हिचा खांदा जरा उतरतो, आतून काहीतरी घालून सारखा करा, म्हणाली. काकूंनी टेप खाली ठेवला आणि छकुलीला हाक मारून पाठमोरी उभी केली.

"आधी हिला डॉक्टरांना दाखवून या," त्या म्हणाल्या. "फ्रॉक मी नंतर शिवते. कापडातली खोट मी झाकेन हो, पण लेकराच्या अंगातलं दुखणं झाकायचं नसतं. ते वेळेवर दाखवायचं असतं."