निळ्यापिवळ्या बाकाची चौकशी

मित्रांनो, माझी एकदा पोलीस चौकशी झाली होती. हसू नका, खरंच सांगतो! मी एक जुना लाकडी बाक. रशियात, व्होल्गा नदीकाठच्या एका लहान शहरात, पाच मजली इमारतीच्या दाराशी मी चाळीस वर्षं उभा आहे. प्रेमिकांनी माझ्यावर नावं कोरली, म्हाताऱ्यांनी सूर्यफुलाच्या बिया सोलल्या. कौतुक कुणी केलं नाही, पण रिकामंही कुणी ठेवलं नाही.

मग 'ते' सुरू झालं. शेजारच्या देशाशी चाललेल्या त्या प्रकाराला युद्ध म्हणायची बंदी, म्हणून आमच्याकडे सगळे 'ते' म्हणत. तेव्हापासून माझ्यावर बसणाऱ्यांचे आवाज उतरले. चौदा नंबरच्या मास्तरीणबाईंनी 'ते थांबवा' असं फोनवरून इंटरनेटवर दोन ओळींत लिहिलं. कुणीतरी पोलिसांना पत्र धाडलं आणि बाईंना पाच वर्षांची सजा झाली.

एप्रिल आला की आमच्याकडे बाकांना रंग देतात. झाडलोट करणाऱ्या प्रोखोर लुकिचना बालवाडीत उरलेले दोन डबे मिळाले, आभाळाचा निळा आणि सूर्याचा पिवळा. त्यांनी माझे पाय निळे केले, फळ्या पिवळ्या केल्या. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलोच.

शत्रूच्या झेंड्याचे रंगही नेमके तेच, हे त्या भोळ्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या रिम्मा पाव्लोव्नाच्या मात्र ध्यानात आलं. तिला पत्रं लिहायची खोड. कबुतरांबद्दल लिही, नळाबद्दल लिही. माझ्यावरच बसून, मांडीवर पर्स ठेवून तिनं पोलिसांना लिहिलं, 'आमच्या दारातला बाक शत्रूला सामील आहे.' मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

तिसऱ्या दिवशी लेफ्टनंट शुबिन आला. त्यानं मला टेप लावून मोजलं.

"कुणी रंगवला हा?"

"मीच, साहेब," प्रोखोर म्हणाले.

"हेतू काय?"

"कुजू नये, हाच."

शुबिननं ते लिहून घेतलं. "तीन वाजता तज्ज्ञ येतील, ते हेतू तपासतील. तोवर बाकाला हात लावायचा नाही. आणि लुकिच, पिशवी भरून ठेवा."

पिशवी म्हणजे तुरुंगात न्यायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रोखोर माझ्यावर मटकन बसले.

तळमजल्याच्या खिडकीतून सगळं ऐकणाऱ्या ग्लाफिरा आजी तपकिरी रंगाचा डबा घेऊन आल्या. घरातल्या जमिनीला लावायचा हा रंग आमच्याकडे कुणाच्याही बाल्कनीत अर्धा डबा उरलेला असतोच.

"ऊठ मेल्या! रडतोस काय बायकांसारखा? ब्रश आण."

"पण साहेब म्हणाले, हात लावायचा नाही."

"साहेब घरी बायकोचं तरी ऐकतो का? आण म्हणते ना!"

तेवढ्यात रिम्माही खाली आली. चेहरा पांढराफटक, हातात आणखी एक ब्रश. कुणी तिला काही विचारलं नाही. पावणेतीनला मी नखशिखान्त तपकिरी झालो, पण ओलाचिंब!

"आता?" प्रोखोर म्हणाले.

"आता बसायचं," आजी म्हणाल्या.

तिघं बसली, मधे प्रोखोर. तीनचे तज्ज्ञ साडेचारला शुबिनच्या गाडीतून आले. हे गृहस्थ पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे.

"निळापिवळा बाक कुठाय?"

"कसला निळापिवळा, बाळा? हा जन्माचाच तपकिरी."

"उठा, मला नीट पाहू दे."

"उठवत नाही रे," आजी म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

शुबिननं नाक वर करून हवा हुंगली. ओल्या रंगाचा वास लपतो थोडाच! माझ्या पायावरून ओघळणाऱ्या थेंबाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं लिहिलं, 'बाक तपकिरी. तक्रार निराधार.' आणि तज्ज्ञांना गाडीत कोंबून निघून गेला.

गाडी वळली तशा आजी उठायला गेल्या. कुठलं उठणं! तिघं मला घट्ट चिकटली होती. आजी हसत सुटल्या आणि रिम्मा रडायला लागली.

"प्रोखोर लुकिच, ते पत्र माझं होतं."

पळायची सोय तिलाही नव्हती आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हती.

"आणि मास्तरीणबाईंवरचं?" आजींनी विचारलं.

"ते नाही! आईशप्पथ, ते मी नाही."

"मग कुणी?"

तिघांनी माना वर करून खिडक्यांकडे पाहिलं. एकही पडदा हलला नाही.

"मग हे तरी का केलंस गं, सटवे?"

"कंबर धरते माझी. याला पाठच नाही, मला पाठ टेकता येईल असा बाक हवा होता. चार वर्षं अर्ज केले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शत्रूचं नाव काढलं की लगेच येतात. वाटलं, हा उचलून नेतील आणि नवा देतील. तुमचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो!"

मित्रांनो, मला भयंकर राग आला होता.

"मला सांगायचं, रिम्मा पाव्लोव्ना," प्रोखोर म्हणाले. "फळ्या होत्या माझ्याकडे."

म्हणून सांगतो, मित्रांनो. बाकांना रंग देत जा, त्यांचे खिळे ठोकत जा. आणि काही हवं झालं तर सरकारला लिहिण्याआधी शेजाऱ्याचं दार वाजवा. बहुतेकदा त्याच्याकडे फळ्या असतात.