दाभोशाच्या भोंग्याची हेडर फाइल

मित्रांनो, मी एक जुनी हेडर फाइल आहे. हातात घ्यावं असं माझ्यात काही नाही. शंभरेक ओळींचा मजकूर, एवढीच माझी काया. दाभोशाजवळ लोक नदी पायी ओलांडतात. त्या उतारावर पाणी मोजणारं यंत्र आहे. पाणी गुडघ्यावर गेलं की त्याचा भोंगा वाजतो. त्या यंत्रासाठी माझा जन्म झाला.

मला लिहिलं जव्हारच्या एका लहानशा वर्कशॉपमधल्या योगिताने. यंत्रात दोन बिऱ्हाडं असतात. आतलं कर्नेलचं, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमचं; ते थेट सेन्सरकडून आकडे घेतं. बाहेरचं साध्या प्रोग्रॅमचं; ते आकडे वाचून भोंगा वाजवतं. कोणता आकडा कितव्या जागी ठेवायचा, हा दोघांमधला करार माझ्यात लिहिलेला. चार पावसाळे मी चोख काम केलं. योगिता कौतुक करायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

मग तिचा सहकारी धनेश याने बाहेरचा प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. माझ्यात कर्नेलची काही खासगी नावं होती, आणि नेमकी तीच नावं प्रोग्रॅमच्या दुसऱ्या एका हेडर फाइलमध्येही होती. एकाच नावाच्या दोन व्याख्या पाहून कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा, अडून बसला. धनेशला घाई होती. त्याने माझ्यातल्या हव्या तेवढ्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये उतरवल्या आणि बाहेरच्या बिऱ्हाडातून मला बाजूला सारलं. कंपायलर गप्प झाला. योगिताला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात योगिताने बॅटरीचा आकडाही पाठवायचं ठरवलं आणि तो माझ्यात पाण्याच्या उंचीच्याही आधी, पहिल्या जागी लिहिला. धनेशच्या नकलेत पहिल्या जागी पाणीच राहिलं. मला ते दिसत होतं, पण फाइलला तोंड कुठलं?

लावणीच्या दिवसांत एका दुपारी दाभोशाहून, उताराजवळ राहणाऱ्या चैतीबाईंचा फोन आला.

"ताई, तुझा यंत्र पाणी बाराच दाखवतो. हिकडं तर उतारातला दगड बुडला. माझी सून सरू आन बाया पल्याड लावणीला गेल्यात. फोन लागत नाय, हाक पोचत नाय."

बारा ऐकलं आणि योगिताचा चेहरा उतरला. बॅटरी बारा व्होल्टची होती! प्रोग्रॅम तिलाच पाणी समजत होता.

"धनेश, तू कुठली फाइल वाचतोयस?"

त्याने नक्कल दाखवली. रागवायला वेळ नव्हता. योगिताने नकलेत बॅटरीची ओळ घातली आणि नवा प्रोग्रॅम यंत्राकडे पाठवला. भोंगा वाजला. बाया पल्याडच थांबल्या.

"चूक माझी," धनेश म्हणाला.

"माझी पण. ओळ शेवटी घालायची सोडून मी वर घुसवली, आणि तुला विचारलंही नाही."

दुसऱ्या दिवशी दोघांनी नावांचं खरं भांडण मिटवलं. कर्नेलची खासगी नावं त्यांनी वेगळ्या फाइलमध्ये, कर्नेलच्याच घरात ठेवली. माझ्यात उरला फक्त दोघांचा करार. आता दोन्ही बिऱ्हाडं मलाच वाचतात. नक्कल धनेशने स्वतः पुसली.

मित्रांनो, कंपायलर अडला तर त्याला नुसतं गप्प करू नका. भांडण कशावरून आहे ते पाहा. माझ्या नकला करू नका. मी बदलले, तर त्यांना कोण सांगणार? आणि मला हात लावाल तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दोन शब्द सांगा. भोंगा वाजला तेव्हा सरूचा एक पाय पाण्यात होता.