चोवीस रकान्यांची यादी

तुर्कस्तानातल्या देनिझली शहराच्या त्या गल्लीत हायरुल्ला बिल्डरने नऊ इमारती बांधल्या होत्या, आणि नऊच्या नऊ एकाच नकाशावर. तो नकाशा मुळात कुणी काढला होता, हे आता खुद्द हायरुल्लालाही आठवत नव्हतं. पहिली इमारत पडली नाही म्हणजे नकाशा चांगला, मग उगाच डोकं कशाला शिणवायचं, असा त्याचा साधा सरळ हिशेब. त्यामुळे नऊ इमारतींतल्या झाडून सगळ्या घरांत स्वयंपाकघराचं दार उघडलं की ते फ्रिजवर आपटायचं. बायका दार अर्धं उघडायच्या, अंग चोरून आत यायच्या, मग दार लावून फ्रिज उघडायच्या, आणि या सगळ्याला संसार म्हणायच्या.

इमारतींना नावं मात्र मोठ्या प्रेमाने दिलेली. एकीला आईचं, एकीला बायकोचं, आणि नवव्या इमारतीला मुलीचं. या बेरेन अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर हायरुल्ला, त्याची बायको नाझमिये आणि जिच्या नावाने पाटी लागली ती बेरेन, असे तिघं राहायचे. जिन्यातली चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच झाली होती. राहणाऱ्यांच्या पायांना ती पाठ होती. पाहुण्यांना नव्हती. खाली धप्प झालं आणि पाठोपाठ कुणी चरफडलं, की नाझमिये उठून चहा टाकायची. बेल वाजायची वाट बघायची गरजच नसे.

बेरेन चौदा वर्षांची असताना तिने एका दुपारी वडिलांची टेप घेतली आणि स्वयंपाकघर मोजलं. दार दोन वीत डावीकडे सरकवलं तर फ्रिजही वाचतो आणि आईही वाचते, एवढं तिने कागदावर नीट काढून दाखवलं. हायरुल्लाने कागद हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"छान काढलंयस," तो म्हणाला. "आता रंग दे."

बेरेनला असा काही राग आला की ती त्या रात्री जेवली नाही. आपण वास्तुकला शिकायची, हे तिचं तेव्हाच ठरलं. लोक म्हणतात की अशा गोष्टींना स्वप्न लागतं, ध्यास लागतो. हिला नुसता संताप पुरला.

चार वर्षांनी विद्यापीठाची परीक्षा झाली. अख्ख्या देशात बेरेनचा नंबर चौसष्ट हजारावा आला. हे ऐकायला फार वाटतं, पण जिथे वीस-पंचवीस लाख पोरं बसतात तिथे चौसष्ट हजार म्हणजे मिठाई वाटण्याजोगा नंबर, आणि हायरुल्लाने ती वाटलीही. मिठाईबरोबर त्याने एक बातमीही वाटली. मुलगी दातांची डॉक्टर होणार. कुणी विचारलं नव्हतं. बेरेनलाही कुणी विचारलं नव्हतं.

दात घरात आणले ते शुक्रान आत्याने. ही हायरुल्लाची थोरली बहीण. कॉफी पिऊन झाली की कप बशीवर उपडा घालायचा आणि उरलेल्या गाळात भविष्य बघायचं, यात तिचा हात गल्लीत कुणी धरत नसे. बेरेनच्या कपात तिला दाढ दिसली होती. चांगली दोन मुळांची.

"माझा भाऊ उगाच नाही घाम गाळत," ती म्हणाली. "पोरगी पांढऱ्या कोटात बसेल, एसीत बसेल. वास्तुविशारद म्हणजे काय गं? डोक्यावर टोपी घालून वाळूत उभी राहणारी बाई."

"मला वाळूतच उभं राहायचंय, आत्या," बेरेन म्हणाली.

"बाई गं! नजर लागलीय हिला."

आता रीत अशी की नंबर कळला की सरकारी वेबसाइटवर चोवीस रकान्यांची एक यादी भरायची. कुठलं शहर, कुठलं विद्यापीठ, कुठलं शिक्षण, आवडीच्या क्रमाने. मग संगणक वरून खाली येतो, आणि ज्या रकान्यात तुमचा नंबर पहिल्यांदा बसेल तिथे तुम्हाला बसवतो. झालं, संपलं. खालचे रकाने मग कितीही सुंदर असोत. यादी खरं तर मुलांनी भरायची असते. पण पासवर्ड हायरुल्लाच्या अक्षरात फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता, कारण मुलगी घराची तसा पासवर्डही घराचा.

शेवटचा दिवस गुरुवार. दुपारी तीनला जिन्यात धप्प झालं. नाझमियेने चहा टाकला. शुक्रान आत्या आणि तिचा नवरा फिक्रेत दारात आले, फिक्रेत गुडघा चोळत. हा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. नोकरीत असताना तीन दिवस अंकाराला प्रशिक्षणाला जाऊन आला होता आणि तेव्हापासून देशाचं शिक्षण, शेती आणि परराष्ट्र धोरण यांवर त्याचा शब्द शेवटचा असे. काम संगणकावर होतं, तरी तो खिशाला पेन लावून आला होता.

सगळे काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत बसले. ऑगस्ट महिना, आत भट्टी. बशीत सूर्यफुलाच्या बिया, मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉप अर्थातच फिक्रेतच्या मांडीवर.

"एक नंबर," तो म्हणाला, "इस्तंबूल. दंतवैद्यक."

"काका, तिथे माझा नंबर लागत नाही," बेरेन म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या खूप आधीच जागा संपल्या होत्या."

"गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी गेलं. यंदा पोरं घाबरलेली आहेत. घाबरून इस्तंबूल कुणी लिहिणारच नाही. तिथे आपण घुसायचं!"

असे एकूण वीस लाख घरांत वीस लाख फिक्रेत त्या दुपारी घुसायच्या तयारीत बसले होते, हे त्याला कोण सांगणार. त्याने इस्तंबूल चार वेळा लिहिलं, अंकारा तीन वेळा, मग इझमिर, अंताल्या, बुर्सा दोन-दोनदा. बेरेनने तीन वेळा सांगितलं की यातलं एकही मिळत नाही. तिन्ही वेळा तिला चहा ओत असं सांगण्यात आलं. चौथ्यांदा तिने सांगितलंच नाही. तेराव्या रकान्यापर्यंत दातच दात झाले.

तेवढ्यात हायरुल्ला बोलला. तो इतका वेळ नुसत्या बिया फोडत होता. माणूस काँक्रीटमधला असला तरी मूर्ख नव्हता.

"पोरी, खरं सांग. दातांचं नक्की मिळेल असं एक तरी गाव आहे का?"

नाही म्हटलं तर सुटली असती. पण बापाने डोळ्यांत बघून विचारलं होतं, आणि या माणसाशी तिला कितीही भांडता आलं तरी खोटं बोलता येत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "कार्स."

कार्स म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, वर्षातले सहा महिने बर्फ. पण बर्फाचं एवढं काही नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मुकद्देसबाईंची मुलगी गेल्या वर्षी तिथेच दातांच्या शिक्षणाला गेली होती, आणि ती गेल्या दिवसापासून शुक्रान आत्याने गल्लीतल्या एकाही बाईला सोडलं नव्हतं. 'मुकद्देसची पोरगी कुणाचे दात काढायला शिकते माहितीये का? अस्वलांचे!' हे वाक्य ती वर्षभर दर शुक्रवारी म्हणत होती, आणि मुकद्देसबाई ते वर्षभर ऐकून घेत होत्या.

"कार्स तर कार्स," हायरुल्ला म्हणाला. "दात ते दात. लिहा भाऊजी, चौदा नंबर."

फिक्रेतने बोट उचललं. बेरेनला वाटलं, संपलं सगळं.

आणि तेव्हा नाझमिये बोलली. घरातल्या चर्चेत ही बाई वर्षातून दोनदा बोलत असेल. चहाचा ट्रे खाली ठेवून, एकदम गरीब चेहरा करून ती म्हणाली, "बरं झालं बाई. मी आत्ताच मुकद्देसताईंना सांगून येते. त्यांना सगळं माहीत आहे तिथलं. खोली कुठे घ्यायची, लोकरीचे मोजे कुठले चांगले. वन्सं, तुम्हीपण चला ना. तुमचं त्यांच्याशी नेहमी बोलणं असतं."

शुक्रान आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मी? त्या बाईच्या दारात? मोजे विचारायला?"

"मग काय झालं? दोघी मुली एकत्र राहतील. त्यांची थोरली, आपली धाकटी. जुनी पुस्तकंही देतील त्या."

"जुनी पुस्तकं!" आत्याने छातीवर हात ठेवला. "ऐकलंस का हायरुल्ला? मुकद्देसच्या पोरीची उष्टी पुस्तकं! अरे नऊ इमारती बांधल्यास तू या गल्लीत. त्या बाईचा नवरा तुझ्याच इमारतीत भाडेकरू. आणि तिच्या पोरीच्या मागे मागे तुझी पोरगी अस्वलांत?"

"ताई, अस्वलं तूच काढलीस," हायरुल्ला म्हणाला.

"ते मी तिच्या पोरीबद्दल म्हटलं होतं!"

"नंबर पोचेल असं गाव तेवढं एकच आहे म्हणते ती."

"तू इस्तंबूलवर विश्वास ठेव ना जरा! मी कपात दाढ बघितलीय. कार्सची दाढ नव्हती ती, मोठी होती."

फिक्रेतचं बोट अजून वरच होतं. हायरुल्लाने खाली रस्त्यावर बघितलं. समोर चहावाल्याच्या दुकानात बसलेली सगळी माणसं त्याला ओळखत होती. दात म्हणून मिठाई खाऊन झालेली माणसं. इस्तंबूल हा शब्द त्याने मिठाईबरोबर वाटला नव्हता, पण नाकारलाही नव्हता.

"राहू दे कार्स," तो म्हणाला.

"मग खालचे अकरा रकाने मोकळे?" फिक्रेतने विचारलं.

"मोकळं बरं दिसत नाही," आत्या म्हणाली. तिला आता फार उदार वाटत होतं. "तिथे पोरीला लिहू दे काय हवं ते. तिचंही मन राहील. तिथवर येतंय कोण!"

बेरेनने लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. चौदाव्या रकान्यात तिने लिहिलं, 'इझमिर, वास्तुकला.' मग तिने ती जागा पुन्हा एकदा तपासली, आणि बटण दाबलं. इथे तिचा नंबर नक्की बसत होता, पंधराव्या रकान्याची गरज नव्हती. आईकडे बघायची तिची हिंमत झाली नाही, नाहीतर दोघीही हसून फुटल्या असत्या.

निकाल लागला तो महिनाअखेरच्या एका सकाळी. हायरुल्लाने मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शुक्रान आत्या खुर्चीत कोसळली. तिच्या कपाळाला, मनगटांना लिंबाच्या वासाचं कोलोन चोळलं, तेव्हा कुठे ती बोलती झाली. हायरुल्ला दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. बेरेन मात्र त्या दोन दिवसांत घरभर गाणं म्हणत फिरत होती. आनंद लपवायची सभ्यता तिच्यात नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी घरात बकलावा मिठाईचा डबा आला आणि इतिहास बदलायला सुरुवात झाली. 'इझमिर' हा समुद्रकाठच्या मोठ्या शहराचा शब्द 'कार्स'च्या शेजारी ठेवला की किती छान दिसतो, हे आत्याला तोवर उमगलं होतं. मुकद्देसबाईंच्या दारावरून ती तो शब्द उच्चारत दोनदा जाऊनही आली. कपातली दाढ आता दाढ राहिली नव्हती, दोन खांबांवर उभं असलेलं घर झालं होतं.

"चौदा नंबर मी मुद्दाम मोकळा ठेवला होता," फिक्रेत सांगत होता. "याला दूरदृष्टी म्हणतात."

आणि सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे हायरुल्ला खूश होता. मनापासून, गालांवर लाली येईपर्यंत खूश. बेरेनला शंका यायला हवी होती, पण बापाला हसताना बघून तिचं काळीज इतकं भरून आलं होतं की ती त्याच्या शेजारीच जाऊन बसली.

"मी विचार केला," त्याने बकलाव्याचा तुकडा तिच्या ताटलीत ठेवला. "माझे नकाशे पालिकेत द्यायचे तर वास्तुविशारदाची सही लागते. इतकी वर्षं एक गृहस्थ करतात. त्यांच्या ऑफिसात जा, थांबा, हात जोडा. माणसाने माझी एक इमारत आयुष्यात बघितलेली नाही. आता चार वर्षांनी सही घरात! तुला धुळीत यायचंसुद्धा काम नाही. इथे सोफ्यावर बस, चहा पी, सही कर."

"वा!" फिक्रेत म्हणाला.

बेरेनने तुकडा ताटलीत परत ठेवला. म्हणजे हे होतं तर. हाच तो आनंद. वास्तुविशारद म्हणजे बापाच्या लेखी सही, आणि ती आता शिक्क्याच्या जागी बसणार होती. तिला चौदाव्या वर्षीच्या रागापेक्षा जास्त राग यायला हवा होता, पण राग नाही आला. रडू आलं, ते तिने गिळलं.

"मी धुळीत येणार, बाबा," ती म्हणाली. "सही करायच्या आधी येणार."

"ये की! हेल्मेट घेतो तुला. गुलाबी."

"जिना मोजणार. खांब मोजणार. कागदावर सळ्या किती आणि आत किती, ते बघणार."

"बघ बघ. मग कर सही."

"आणि नाही पटलं, तर नाही करणार."

सगळे खो खो हसले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, फिक्रेतने मांडीवर थाप मारली. हायरुल्लाही हसला, पण मध्येच थांबला. बेरेन हसत नव्हती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, शांतपणे. असे चेहरे त्याने पूर्वी पाहिले होते, कामावर नव्याने आलेल्या तपासनिसांचे. त्यांना चहा पाजून, चार गोड शब्द बोलून वाटेला लावता येत असे. ही तर त्याच्याच घरचा चहा पिऊन मोठी झालेली.

"अगदीच नाही करणार?" त्याने विचारलं.

"अगदीच नाही. तुमची तर नाहीच."

आत्या आणि फिक्रेत बकलाव्याच्या शेवटच्या तुकड्यावरून वाद घालत होते. नाझमिये ग्लास गोळा करत होती, खाली मान घालून. हायरुल्लाने खुर्ची मुलीच्या जवळ ओढली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "पोरी, दातांसाठी ही परीक्षा पुढच्या वर्षी परत देता येते ना गं?"

"येते की, बाबा," बेरेन म्हणाली. "या वेळी तुम्ही बसा."